स्पोर्ट बाइकची बॅटरी सारखी उतरते आणि वॉरंटी संपलीय? नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे मोजून बघा

चावी फिरवली की मीटर लागतो, फ्युएल पंपाचा आवाज जरा दमल्यासारखा येतो, सेल्फ मारला की नुसतं टक टक टक आणि मीटर रिसेट होऊन परत पहिल्यापासून सुरू. सर्व्हिस सेंटरला फोन केला की फोनवरच निदान होतं, बॅटरी गेली सर. नवीन बॅटरी टाकली की गाडी मस्त चालते, दोन-तीन महिने कुरकुर नाही आणि परत एका सकाळी तेच टक टक टक. मग दुसरी बॅटरी, मग कुणीतरी म्हणतं सेल्फ मोटर बघा, कुणी म्हणतं ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला असेल, आणि बिल वाढत जातं. वॉरंटीत असताना अंदाजाने पार्ट बदलले तरी खिशाला झळ लागत नव्हती, वॉरंटी संपली की प्रत्येक चुकीच्या अंदाजाचे पैसे आपणच भरतो.

माझं स्पष्ट मत आहे की सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा बॅटरी गेली तर तिसरी बॅटरी घ्यायचीच नाही. चांगल्या कंपनीची नवी बॅटरी आपोआप इतक्या लवकर मरत नाही, तिला कोणीतरी मारतंय. एकतर तिला चार्जिंग पुरत नाहीये, किंवा जास्त होतंय, किंवा गाडी बंद असताना कुठून तरी करंट गळतोय. या तिन्ही गोष्टी साध्या मल्टीमीटरने घरी पार्किंगमध्ये कळतात, फक्त क्रमाने आणि धीराने मोजावं लागतं.

आधी चार्जिंग कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. इंजिनच्या साइड कव्हरच्या आत तांब्याच्या तारा गुंडाळलेली एक गोल कॉइल असते, तिला स्टेटर म्हणतात, आपले मेकॅनिक मॅग्नेट कॉइल म्हणतात. तिच्याभोवती मॅग्नेट फिरतो आणि एसी करंट तयार होतो, तो तीन वायरींमधून (बहुतेक जपानी गाड्यांत तिन्ही पिवळ्या) रेग्युलेटर रेक्टिफायरकडे जातो, हा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्या असलेला चौकोनी डबा. तो एसीचं डीसी करतो आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ च्या आत धरून ठेवतो. तिथून बॅटरी आणि बाकी सगळी गाडी. बस, एवढंच.

भानगड अशी आहे की बऱ्याच मोटरसायकलींमध्ये हा रेग्युलेटर शंट टाइपचा असतो. म्हणजे स्टेटर कायम पूर्ण ताकदीने करंट बनवत राहतो, आणि गाडीला जेवढा नको तेवढा रेग्युलेटर शॉर्ट करून परत कॉइलमध्येच फिरवतो. टाकी भरली तरी मोटर चालूच आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाहतंय, तसा प्रकार. त्याची सगळी उष्णता रेग्युलेटरमध्ये आणि स्टेटरमध्ये मुरते. म्हणून हेडलाइट एलईडी टाकला म्हणजे चार्जिंग सिस्टिमवरचा ताण कमी झाला असं जे लोक म्हणतात ते शंट रेग्युलेटरच्या बाबतीत बरोबर नाही, गाडीने करंट कमी ओढला की रेग्युलेटरला जास्त वळवावा लागतो. त्यात स्पोर्ट बाइक म्हणजे फुल फेअरिंग, म्हणजे सगळ्या बाजूंनी प्लास्टिकचे पॅनल, आणि कितीतरी मॉडेलांमध्ये हा डबा सीटखाली टेलमध्ये नाहीतर पॅनलच्या आत असतो, जिथे हायवेला जेमतेम हवा लागते आणि ट्रॅफिकमध्ये अजिबात नाही. कात्रज ते स्वारगेट संध्याकाळी सातला रेडिएटर फॅन सतत चालू ठेवून सरकत जाणाऱ्या गाडीत त्या डब्याला हात लावून बघा, म्हणजे खरंच लावू नका, भाजेल.

आणि हा आपल्याकडच्या उन्हाचाच किंवा स्वस्त गाड्यांचाच दोष आहे असं समजू नका. २०११ मध्ये सुझुकीने अमेरिकेत जीएसएक्स-आर सकट बऱ्याच मॉडेलांच्या सत्तर हजारांवर मोटरसायकली रेग्युलेटरसाठीच रिकॉल केल्या होत्या, कारण आतलं पॉवर मॉड्यूल डब्याच्या बॉडीला नीट चिकटलेलं नव्हतं आणि उष्णता बाहेर जायला वाटच मिळत नव्हती. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांनाही हा पार्ट छळतो.

आता हत्यारं. डिजिटल मल्टीमीटर पाहिजे, पाचशे ते हजारात बरा मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला समोर चालू करून दाखवतात. एसी व्होल्ट, डीसी व्होल्ट, ओहम, डायोड मोड आणि १० अँपिअरची रेंज एवढं असलं की झालं. एक छोटा बॅटरी चार्जर, टी-हँडल, ॲलन की सेट, आणि फेअरिंगचे प्लास्टिक क्लिप ठेवायला डबी. क्लिप कुठला कुठे होता त्याचा फोटो काढत जा, कारण फेअरिंग परत बसवताना एक लॉक तुटलं की पॅनल आयुष्यभर खडखडतं.

सुरुवात बॅटरीपासूनच करायची, पण बदलून नाही तर पूर्ण चार्ज करून. या गाड्यांना बहुतेक ८ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) आसपासची सीलबंद बॅटरी असते, तिला साधारण तिच्या एएचच्या दहाव्या भागाने चार्ज करायचं, म्हणजे ०.८ अँपिअरने, रात्रभर. कारच्या मोठ्या चार्जरने घाई केली तर ती फुगते. चार्जर काढल्यावर काही तास तशीच ठेवायची आणि मग मोजायची. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज केल्यावर १२.८ दाखवते आणि दुसऱ्या दिवशी वायरी काढलेल्या असतानाही १२.३ वर येते तर ती बॅटरी आतून गेली, तिचा काही उपाय नाही. वायर लावून सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर धरा, व्होल्टेज १० च्या आसपास टिकलं पाहिजे, ९.५ च्या बरंच खाली धापकन पडलं तर लोडवर ती तग धरत नाहीये.

इथेच एक सांगून ठेवतो, फ्युएल इंजेक्शनची गाडी बॅटरी पूर्ण उतरल्यावर ढकलून चालू होईल याची आशा धरू नका. पंपाला, इंजेक्टरला, ईसीयूला करंटच नसेल तर उतारावर कितीही धावा. कारवरून जंप देणार असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

बॅटरी चांगली निघाली की मग गाडी चालू करून मोजायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर. आयडलला साडेतेराच्या आसपास असेल, चार-पाच हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या मध्ये स्थिर पाहिजे. आरपीएम वाढवला तरी १२.५, १२.४ असं खालीच जात असेल तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर व्होल्टेज अडवत नाहीये, आणि हे जास्त धोक्याचं, कारण बॅटरी फुगते, बल्ब उडतात आणि मीटर कन्सोल किंवा ईसीयू गेला तर त्याच्या किमतीत एखादी जुनी कम्युटर येईल. १५ च्या वर दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावरून मी हे सगळं लिहायला बसलोय. हे माप थंड गाडीवर घेऊन भागत नाही. माझ्या ट्विन सिलिंडर गाडीला वॉरंटी संपल्यावर हाच त्रास सुरू झाला तेव्हा सर्व्हिस सेंटरला गाडी सकाळी घ्यायचे, दहा मिनिटं चालू करून मोजायचे, १४.१ येतं सर, चार्जिंग ओके आहे, बॅटरी बदला. आणि जॉबकार्डवर तेच. मी बसून बघितलंय, त्यांचं माप खोटं नव्हतं, पण ते थंड गाडीचं होतं. मग मी मीटर टँकबॅगमध्ये टाकून घेऊन गेलो, ट्रॅफिकमधून पाऊण तास गाडी चालवली, सीट काढली आणि इंजिन चालू ठेवूनच मोजलं. सुरुवातीला १४.१ देणारी तीच गाडी तेव्हा १२.७ देत होती आणि डोळ्यांसमोर १२.६ झाली. अर्धा तास थंड होऊ दिली की परत चौदाच्या वर. असं माप आलं की दोष बॅटरीत नाही हे जवळजवळ पक्कं समजायचं. गरम झाल्यावर काहीतरी सुटतंय, आणि ते रेग्युलेटर, स्टेटर किंवा त्यांच्या वायरी जोडणारा मधला कपलर यापैकी एक असतं.

म्हणून ॲडव्हायझर काही म्हणो, जॉबकार्डवर तक्रार लिहिताना "बॅटरी उतरते" असं लिहू देऊ नका, "अर्धा-पाऊण तास चालवल्यानंतर चार्जिंग व्होल्टेज १३ च्या खाली जातं, गरम गाडीवर तपासणे" असं लिहून घ्या. ते लिहायला का-कू करतात, तरी लिहून घ्या. तक्रार जशी लिहिली जाते तशीच तपासणी होते.

पार्ट विकत घ्यायच्या आधी कपलर उघडा. याला पाच मिनिटं लागतात आणि अर्ध्या केसेस इथेच सुटतात असं मला गाड्या बघून बघून वाटायला लागलंय. स्टेटरच्या तीन वायरी रेग्युलेटरकडे जाताना मध्ये एक पांढरा किंवा काळा प्लास्टिकचा कपलर असतो. माझ्या गाडीतला बाहेरून धड दिसत होता, फक्त एका कोपऱ्याला पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. दोन भाग ओढून वेगळे करायला गेलो तर एक पिन निघेचना, प्लास्टिक वितळून पिनेभोवती बसलं होतं. नोजप्लायरने ओढल्यावर आतलं टर्मिनल काळं आणि कडेला हिरवट, आणि त्या वायरीचं इन्शुलेशन दोन बोटं लांबीपर्यंत कडक होऊन तडकलेलं. बाकीच्या दोन पिना अगदी नव्यासारख्या चकचकीत. म्हणजे तीनपैकी एक फेज अर्धीमुर्धी जोडलेली, थंड असताना कशीबशी चालायची आणि गरम झाली की सोडायची.

हे होतं कसं, तर पिन किंचित सैल झाली किंवा पावसाचं पाणी शिरून गंजली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, त्यातून पंधरा-वीस अँपिअर करंट जाताना ती तापते, तापली की अजून सैल होते. ताम्हिणी, माळशेज, वरंधा असं पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्यांनी हा कपलर दर पावसाळ्यानंतर उघडून बघायलाच पाहिजे. प्रेशर वॉशरने सीटखाली पाणी मारणारे वॉशिंग सेंटरवाले यात भर घालतात.

जळलेला कपलर असेल तर सँडपेपरने पिन घासून परत लावणं हा उपाय नाही, महिनाभरात परत जळतो. जळलेली वायर चांगलं लाल तांबं लागेपर्यंत कापायची, नवीन जाड टर्मिनल योग्य क्रिम्पिंग प्लायरने दाबायचे, हीट श्रिंक चढवायचं आणि पाणी न शिरणारा सील असलेला कपलर लावायचा. काही लोक कपलर काढून वायरी सरळ एकमेकींना जोडून सोल्डर करतात, तेही चालतं, पण मग पुढे स्टेटर काढताना परत कापावं लागतं आणि सोल्डरच्या कडेला व्हायब्रेशनने वायर तुटू शकते, म्हणून ती बांधून ठेवायची. इन्शुलेशन टेप गुंडाळून सोडून देणाऱ्या मेकॅनिककडे परत जाऊ नका, उन्हात त्या टेपचा चिकट गोळा होतो.

कपलर चांगला आहे असं दिसलं तरी एक माप घ्या, हे फार कमी लोक घेतात आणि फार कामाचं आहे. गाडी चार हजार आरपीएमला, हेडलाइट चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह आउटपुट वायरला (कपलरच्या मागून बारीक पिन घालून) आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. इथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, ०.२ पर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट येत असेल तर रेग्युलेटर देतोय पण मधल्या वायरीत, फ्यूजच्या खाचेत किंवा टर्मिनलवर व्होल्टेज वाया जातंय. तसंच निगेटिव्ह बाजूला. अर्थिंगचा बोल्ट फ्रेमला जिथे लागतो तिथला रंग-गंज साफ करून घट्ट केल्यावर गाडी सुधारल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता स्टेटर. इंजिन बंद, तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवलेला. मीटर ओहमवर टाकून आधी मीटरचीच दोन टोकं एकमेकांना लावा, ०.२-०.३ दाखवेल, तेवढे पुढच्या आकड्यातून वजा करायचे. मग स्टेटरच्या बाजूच्या तीन वायरी दोन-दोन करून मोजा, तिन्ही वेळा साधारण सारखा आणि एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे, नेमका किती ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मग प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी, इथे काहीही कंटिन्युइटी नको, म्हणजे दोघांमध्ये करंट जायला वाट नको. बॉडीला लागत असेल तर कॉइलचं वार्निश जळून तार गाभ्याला टेकली, स्टेटर गेला, पुढे काही मोजायची गरज नाही.

ओहममध्ये पास झाला तरी गाडी चालू करून एसी व्होल्ट मोजाच, कपलर सुटलेलाच ठेवून, फक्त स्टेटरच्या बाजूला. मीटर एसी २०० वर टाका. आयडलला १५-२० किंवा थोडं जास्त, पाच हजारला ५० ते ७० च्या घरात बहुतेक गाड्या देतात, आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो पण तिन्ही जोड्यांचा आकडा एकसारखा पाहिजे. दोन जोड्या ५५ आणि तिसरी ३० असं दिसलं तर कॉइल आत शॉर्ट आहे. उघड्या टोकांना हात लावू नका, साठ व्होल्ट चांगलाच झटका देतात. आणि हेही माप गरम गाडीवर.

स्टेटर जळला तर नवीन घ्यायचा की रिवाइंड करायचा, म्हणजे त्यावरच नवी तार गुंडाळून घ्यायची? सर्व्हिस सेंटर फक्त नवीनच सांगणार, त्यांच्याकडे रिवाइंडिंगची सोय नसते, त्यात त्यांचा दोष नाही. नवीन ओरिजिनलची किंमत परवडत असेल आणि मिळत असेल तर तोच घ्या. पण इम्पोर्टेड गाड्यांना दोन-तीन महिने वाट बघावी लागते, अशा वेळी चांगला वाइंडर सापडला तर रिवाइंड केलेला स्टेटर वर्षानुवर्षं चालतो. पंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे देऊ नका, हा स्टेटर गरम इंजिन ऑइलमध्ये बुडून किंवा त्याचे फवारे खात राहतो, त्याला जास्त तापमानाची इनॅमल वायर आणि ऑइलमध्ये न विरघळणारं वार्निश लागतं, ते वापरतो का हे आधी विचारा. तारेची जाडी आणि प्रत्येक दाताचे फेरे मोजूनच जुनी वायर काढायला सांगा. साइड कव्हर उघडलं की पॅकिंग नवीनच टाकायचं, नाहीतर ऑइल झिरपतं. कव्हर ओढताना आतला मॅग्नेट जोरात धरून ठेवतो, बोटं सांभाळा, आणि स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या कडेला खाच पडली की पॅकिंग कितीही चांगलं टाका, गळतंच.

स्टेटर चांगला, कपलर चांगला, आणि तरी गरम झाल्यावर व्होल्टेज पडतंय तर रेग्युलेटर. आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) मीटरच्या डायोड मोडवर तपासता येतात, प्रत्येक एसी पिन ते पॉझिटिव्ह आणि प्रत्येक एसी पिन ते निगेटिव्ह, एका दिशेने साधारण ०.४ ते ०.६ आणि उलट्या दिशेने काही नाही. दोन्ही दिशांनी शून्य आलं तर डायोड शॉर्ट. पण यात पास झाला म्हणजे रेग्युलेटर चांगला असं नाही, कारण टेबलावरच्या थंड डब्याचे डायोड मोजून तो गरम झाल्यावर काय करतो हे कळत नाही. म्हणूनच आधी स्टेटर आणि वायरिंग निर्दोष आहे हे सिद्ध करायचं आणि मग उरला तो रेग्युलेटर, असा उलटा रस्ता.

घेताना काय घ्यायचं, तर ओरिजिनलच घेतला पाहिजे असं नाही. जपानच्या शिंडेनगेन कंपनीचे मॉसफेटवाले (मॉसफेट म्हणजे एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) रेग्युलेटर, एफएच ०२० वगैरे, मोठ्या गाड्यांमध्ये कंपनीकडूनच येतात आणि जुन्या टाइपपेक्षा बरेच कमी तापतात. त्याच कंपनीचा एसएच ७७५ हा सिरीज टाइप, तो जास्तीचा करंट शॉर्ट करण्याऐवजी सर्किटच तोडतो, म्हणजे स्टेटरलाही आराम. तुमच्या मॉडेलवर आधी कुणी बसवलाय का, ब्रॅकेट आणि कपलर जुळतो का ते बघूनच घ्या. नकली माल बाजारात खूप आहे. नकली हातात घेतला की हलका लागतो, नाव ॲल्युमिनियमवर उठावात नसून स्टिकरवर किंवा वरवर छापलेलं असतं, मागे भरलेला काळा एपॉक्सी ओबडधोबड असतो. नाना पेठेत काय किंवा दिल्लीच्या करोल बागेत काय, "ओरिजिनल जैसा" म्हणून जो देतात तो घेऊ नका. भंगारातला वापरलेलाही नको, तो किती भाजून निघालाय हे कुणालाच माहीत नसतं. शक्य असेल तर नवीन रेग्युलेटर जिथे हवा लागते तिथे हलवा, इंजिनच्या आणि सायलेन्सरच्या गरमीपासून लांब, वायर वाढवावी लागली तर जाडी कमी करू नका, आणि बसवताना पाठीला पातळ थर थर्मल पेस्टचा.

चार्जिंग पूर्ण बरोबर आहे आणि तरी चार-पाच दिवस उभी ठेवली की उतरते, तर गळती बघा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरवर टाकून वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. या वेळी चावी चालू करायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज जाईल. घड्याळ आणि ईसीयूच्या मेमरीसाठी एखाद-दोन मिलीअँपिअर चालतात. ५० मिलीअँपिअर दिसले तर हिशोब करा, दिवसाला १.२ एएच, ८ एएचची बॅटरी आठवड्यात साफ. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला ती लाइन धरा. बहुतेक वेळा जीपीएस ट्रॅकर, अलार्म, हँडलचा यूएसबी चार्जर, नाहीतर सरळ बॅटरीवरून घेतलेले फॉग लाइट निघतात. ते इग्निशनवर चालणाऱ्या रिलेवर घ्या.

आता पैशांची आणि हक्काची बाजू, कारण वॉरंटी संपली म्हणजे सगळे दरवाजे बंद असं सर्व्हिस सेंटरवाले भासवतात. हीच तक्रार वॉरंटीत असताना जॉबकार्डवर लिहिलेली असेल तर ती जॉबकार्डं काढा आणि डीलरला नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, वॉरंटीत सांगितलेला दोष सुटलेला नाही असं स्पष्ट लिहून, सोबत थंड आणि गरम मापांचे फोटो. कधी पार्ट फुकट, लेबर तुमचं असं तडजोडीत मिळतं. बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, ती बॅटरी कंपनीची, तिचं बिल आणि कार्ड जपा. चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का बघा, रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट करून देतात. इन्शुरन्समध्ये मात्र हे बसत नाही, झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापणारी) पॉलिसी असली तरी, कारण इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेला असतो.

काम करायच्या आधी लेखी एस्टिमेट मागा, कुठलं माप किती आलं म्हणून कुठला पार्ट बदलताय हे लिहून मागा, आणि जुना पार्ट परत मागा. चुकीचं निदान करून पैसे घेतले आणि दाद देत नसतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवली की निदान कंपनीकडून उत्तर तरी येतं. पार्ट मिळत नाही, मॅन्युअल मिळत नाही अशा त्रासासाठी केंद्राच्या ग्राहक विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय, त्यात वाहन क्षेत्र आहे, तुमची कंपनी तिथे आहे का बघा. पुढे जायचं झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे जॉबकार्ड, बिलं आणि तो जुना पार्ट हाच पुरावा.

दुरुस्ती झाली की गाडी ताब्यात घेताना लगेच पैसे देऊन निघू नका. तिथेच चालू करून माप घ्या, मग ट्रॅफिकमधून पाऊण तास फिरवून परत या आणि त्यांच्यासमोर गरम गाडीवर परत मोजा. चार हजारला १३.८ च्या वर टिकलं तर बिल भरा. आठवड्याने कपलरला हात लावून बघा, कोमट ठीक, बोट ठेवता येत नसेल इतका गरम असेल तर क्रिम्पिंग परत करून घ्यावं लागेल. आणि जी बॅटरी इतके दिवस उपाशी राहिली तिला एकदा चार्जरवर पूर्ण भरून परत तपासा, बऱ्याचदा ती चांगली निघते.